दूरच्या धन्याची जबाबदारी

रायगडाच्या पायथ्याशीं, महाड तालुक्यांत, हिरकणीवाडी म्हणून एक लहानसें खेडें आहे. गडावर दूध विकावयास गेलेली हिरकणी सायंकाळीं दरवाजे बंद झाल्यामुळें वरच अडकली. घरीं तान्हें मूल होतें. तेव्हां ती अंधारांत कडा उतरून खालीं आली. ही आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. तिच्यांतील मातेच्या धैर्याचें कौतुक सर्वच करतात. परंतु तिच्या उत्तरार्धाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. दरवाजे बंद करण्याची आज्ञा ज्यांची होती, त्या छत्रपतींनीं हा प्रश्न पहारेकऱ्यांवर सोंपविला नाहीं. त्यांनीं त्या बाईला बोलावून घेतलें, तिचा सन्मान केला, आणि ज्या बाजूनें ती उतरली त्या बाजूस बुरूज बांधविला, असें लोक सांगत आले आहेत. ही लोककथा आहे, दफ्तरांतील नोंद नव्हे. तथापि आपल्या हुकमाचें ओझें तळच्या माणसावर पडलें, तर त्याची दखल धन्यानें स्वतः घेतली पाहिजे, ही लोकांची अपेक्षा तींत स्पष्ट उमटली आहे. यंत्रयुगांतील धन्यांनीं ती कितपत पुरी केली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या इतिहासाचा आरंभही याच मुलखांतील माणसांपासून करतां येतो. महाड-पोलादपूरची जमीन डोंगरउताराची. खाचरांत भात आणि वरकस जमिनींत नाचणी-वरी, असें पावसाळ्याचें एकच पीक. त्यांतूनही खोताचा हिस्सा द्यावयाचा. त्यामुळें पीक घरांत आलें कीं सावित्रीच्या खाडीनें मुंबई गांठावयाची आणि मृगापूर्वीं परत यावयाचें, हा कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा व मजुरांचा परिपाठ पडला. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं सूतगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि १८५६ सालीं ताडदेव येथें तिचीं यंत्रें सुरू झालीं. पुढें गिरण्या वाढत गेल्या, आणि चार महिन्यांची ही मजुरी अनेक घराण्यांचा कायमचा पेशा होऊन बसली.

या गिरण्यांचा धनी नेमका कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. भांडवल भागीदारांचें; कारभार मॅनेजिंग एजंटांचा; आणि एजंटांची दलाली पुष्कळ ठिकाणीं दर रत्तल मालामागें पाव आणा, मग गिरणीला नफा होवो वा न होवो. यंत्रें जितका वेळ फिरतील तितकी दलाली अधिक, असा हा सरळ हिशेब होता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरण्या चालत, याचें एक कारण या हिशेबांत सांपडतें. एजंटाखालीं मॅनेजर, आणि मॅनेजराखालीं जॉबर. कामगारास कामावर घेणें, काढणें, त्याच्याकडून दस्तुरी उकळणें, वेळीं त्याला व्याजानें पैसे देणें, हें सर्व जॉबराच्या हातीं असे. बायकांच्या खात्यांत हेंच काम नायकीण करी. कामगाराला धनी म्हणून दिसे तो जॉबर. आणि ज्याच्या तिजोरींत नफा जाई त्याला कामगाराचें तोंडही ठाऊक नसे. तक्रार झालीच, तर भागीदार एजंटाकडे, एजंट मॅनेजराकडे आणि मॅनेजर जॉबराकडे बोट दाखवी.

या कामगारांची पहिली मोठी चर्चा झाली ती मुंबईंत नव्हे, तर विलायतेंत. १८७५ सालीं लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं हिंदुस्थानांतील गिरण्यांचा प्रश्न लॉर्डांच्या सभेंत काढला. शाफ्ट्सबरी हे इंग्लंडांतील गिरण्यांमधील मुलांसाठीं आयुष्यभर झटलेले गृहस्थ. त्यांच्या कळवळ्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांच्या पाठीशीं लँकेशायरचे गिरणीवाले उभे होते, आणि त्यांना मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती वाटत होती, हेंही तितकेंच खरें. मुंबईच्या मालकांनीं नेमकें याच वर्मावर बोट ठेविलें. त्यांच्या मतें हा कायदा कामगारांच्या दयेपोटीं नसून देशी धंदा मारण्यासाठीं होता. अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनींही तीच बाजू घेतली. १८७५ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळांतील बहुमतही कायद्याच्या विरुद्ध गेलें. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखा एखादा मुंबईकर मात्र कायद्यासाठीं स्वतः मसुदा तयार करून झगडत होता.

अखेर १८८१ सालीं कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊं नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, एवढेंच त्यानें ठरविलें. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या कामाच्या तासांना त्यांत कसलीच मर्यादा नव्हती.

लँकेशायर एकीकडे आणि मुंबईचे मालक दुसरीकडे. दोघेही कामगाराचें नांव घेत होते, परंतु कामगारास कोणी विचारीत नव्हतें. ती उणीव नारायण मेघाजी लोखंडे यांनीं भरून काढली. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक असलेल्या लोखंड्यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सरकारी कमिशनपुढें एक अर्ज ठेविला. त्यावर साडेपांच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्या होत्या. अर्जांतील मागण्या पाहिल्या तर त्यांचा साधेपणा मनांत भरतो. रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विश्रांति मिळावी. काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. आणि कामावर इजा होऊन माणूस निकामी झाला, तर त्याच्या पोटाची तजवीज व्हावी. यांतील शेवटची मागणी विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अपघाताचा बोजा जॉबरावर किंवा दैवावर न ढकलतां गिरणीनें उचलावा, असें कामगारांनीं स्वतःच्या तोंडानें तेथें सांगितलें होतें.

१८९० च्या एप्रिलमध्यें दहा हजारांच्या घरांत कामगार जमलेल्या सभेंत दोन स्त्रियांनींही भाषणें केलीं. त्याच वर्षींच्या १० जूनला गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानें मुलांचें किमान वय नऊ वर्षें केलें, स्त्रियांचें काम अकरा तासांवर आणिलें आणि सुटीला कायद्याचा आधार दिला. लँकेशायरचा हेतु कसाही असो, कामगारांची मागणी खरी होती. आणि एकाचा हेतु अशुद्ध म्हणून दुसऱ्याचें दुःख खोटें ठरत नाहीं, हा धडा लोखंड्यांनीं त्या काळीं घालून दिला.

स्त्रियांच्या बाबतींत मात्र हा मार्ग फार लांबला. १९२२ सालीं मुंबई सरकारच्या वतीनें डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरनें गिरण्यांतील बायकांच्या स्थितीची पाहणी केली. आई कामावर असतां मूल झोंपून राहावें म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याचा प्रघात तींत सर्रास आढळला. मुलाच्या ओढीनें कडा उतरण्याची मोकळीक या आयांना नव्हती. संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत त्यांना खात्यांतून हलतां येत नसे. १९२७ च्या मार्चमध्यें महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढील वर्षीं मुंबई कायदे कौन्सिलांत बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलावर बोलले. राष्ट्राच्या हिताचा भार सरकारनेंही सोसावा, परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ जो मालक घेतो त्याला यांतून अंग काढून घेतां येणार नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत तो कायदा झाला. हिंदुस्थानांतील तो अशा प्रकारचा पहिला.

याच सुमारास कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे नारायण मल्हार जोशी हे व्हिटले कमिशनचे सभासद होते. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेंत हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून तेच गेले होते. १९३१ सालच्या आपल्या अहवालांत या कमिशननें जॉबरच्या हातांतून नोकरभरती काढून घ्यावी, अशी शिफारस केली. नफा घेणारा आणि काम करणारा यांच्यामधील आडपडदा दूर व्हावा, हाच तिचा अर्थ.

हा सर्व प्रकार जुना झाला, असें म्हणण्याची सोय मात्र नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खेळण्यांच्या धंद्यानें हाच मार्ग जगाच्या पाठीवर आंखला. अमेरिकेंतील व युरोपांतील कंपन्यांनीं खेळण्यांचे नमुने, नांव आणि विक्री आपल्याकडे ठेविली. तीं घडविण्याचें काम प्रथम हाँगकाँगमधील व नंतर थायलंड आणि चीनमधील कंत्राटदारांस दिलें. बाहुली शिवणारी मुलगी एका देशांत, तिचा कारखानदार दुसऱ्या देशांत, बाहुलीवर छापलेलें नांव तिसऱ्या देशांतील, आणि ती खेळणारें मूल आणखी कोठें तरी. मुंबईंतील जॉबर निदान त्याच आवारांत वावरत होता. येथें मधल्या माणसांची सांखळी समुद्रापलीकडे गेली.

१० मे १९९३ या दिवशीं दुपारीं बँकॉक शहराजवळील केडर या खेळण्यांच्या कारखान्यास आग लागली. तेथें परदेशी विक्रीसाठीं मऊ बाहुल्या आणि प्लॅस्टिकचीं खेळणीं तयार होत. १८८ कामगार मेले आणि चारशेंहून अधिक जखमी झाले. त्यांत बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुली होत्या. इमारतींच्या लोखंडी सांगाड्यास आगीपासून संरक्षण नव्हतें, त्यामुळें त्या कोसळल्या. आणि बाहेर पडण्याचीं कांहीं दारें बंद होतीं, असें वांचलेल्यांनीं सांगितलें. त्याच वर्षीं १९ नोव्हेंबरला चीनमधील शेनझेन येथें झिली या कारखान्यांत आग लागून ८७ कामगार मेले. तेथें खिडक्यांना गज आणि दारांना कुलपें होतीं. हा कारखाना हाँगकाँगच्या मालकाचा, आणि माल इटलींतील चिक्को या नांवानें विकला जाणारा. या इटालियन कंपनीनें भरपाईचें वचन देईपर्यंत १९९७ साल उजाडलें. न्यूयॉर्क येथील ट्रायँगल कारखान्याच्या आगींत २५ मार्च १९११ रोजीं १४६ कामगार दगावले होते, आणि तेथेंही एक दार कुलपांत होतें. चोरी होऊं नये म्हणून कामगारांवर दार बंद करावयाचें, ही रीत ब्याऐंशी वर्षांनंतरही बदलली नव्हती.

या आगींनंतर खेळण्यांच्या व्यापाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें १९९५ सालीं आचारसंहिता तयार केली. मॅटेल या अमेरिकन कंपनीनें १९९७ सालीं स्वतःचे नियम प्रसिद्ध करून त्यांवर देखरेखीसाठीं बाहेरचे परीक्षक नेमले. हे उपाय निरर्थक नव्हते. परंतु परीक्षकाची चाहूल आधीं लागली, तर हजेरीपत्रक दुसरें दाखवितां येतें. आणि खरेदीदार दरवर्षीं भाव उतरवीत गेला, तर उतरलेला पैसा अखेर मजुरींतून किंवा सुरक्षिततेंतूनच निघतो. उलट बाजूस, १९९६ सालीं सिंगापूर येथें जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली तेव्हां, कामगारांच्या हक्कांचें निमित्त करून श्रीमंत देशांनीं गरीब देशांचा माल अडवूं नये, असा आग्रह हिंदुस्थानादि देशांनीं धरला. लँकेशायर आणि मुंबई यांचाच वाद नव्या वेषांत पुढें आला होता. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें, आणि कामगार पूर्वीप्रमाणेंच दोहोंच्या मधोमध उभा होता.

त्यांतून वाट काढण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. २०११ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं उद्योग आणि मानवी हक्क यांविषयींचीं तत्त्वें मान्य केलीं. २०१७ सालीं फ्रान्सनें आणि २०२१ सालीं जर्मनीनें, मोठ्या कंपन्यांनीं आपल्या पुरवठादारांच्या कारखान्यांचीही खबरदारी घ्यावी, असे कायदे केले. हिंदुस्थानांतही या विचाराचें बीज पूर्वींच पडलें होतें. कंत्राटदारानें मजुरी बुडविली तर ती मूळ मालकानें द्यावी, असें १९७० सालच्या कंत्राटी मजुरांच्या कायद्यानें ठरविलें. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ सालीं, कंपनीच्या संचालकांपैकीं एकास कायद्याच्या दृष्टीनें कारखान्याचा ताबेदार समजावें, अशी दुरुस्ती झाली. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. एखाद्या दुय्यम अधिकाऱ्याचें नांव पुढें करून संचालकांस मोकळें होण्याची वाट त्यामुळें बंद झाली.

तरीही कायदा पुस्तकांत असणें निराळें आणि कारखान्याच्या दारापर्यंत पोंचणें निराळें. महाडच्या औद्योगिक वसाहतींत नोव्हेंबर २०२३ मध्यें एका औषधांच्या कारखान्यांत स्फोट होऊन आग लागली व अकरा कामगार प्राणास मुकले. ज्या मुलखांतील माणसें कामासाठीं पूर्वीं मुंबईस जात, त्याच मुलखांत आतां कारखाने आले आहेत. त्यांबरोबर जुना प्रश्नही घरीं आला आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा या प्रश्नाशीं संबंध खरेदीच्या वेळीं येतो. १ जानेवारी २०२१ पासून हिंदुस्थानांत खेळण्यांवर मानक संस्थेची मुद्रा असणें बंधनकारक झालें. रंग विषारी नाहीं, टोंक बोंचणारें नाहीं, याची ग्वाही ती मुद्रा देते आणि तें योग्यच आहे. खेळणाऱ्या मुलाची काळजी तींत आहे. घडविणाऱ्या मुलीच्या कारखान्याचें दार उघडें होतें कीं नाहीं, हें तिच्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं निराळी चौकशी हवी, आणि ती लोखंड्यांच्या रीतीनें झाली पाहिजे. मालकाचें म्हणणें ऐकावें, परदेशी टीकाकाराचेंही ऐकावें, परंतु अर्जावर सही कामगाराची असावी. आणि त्या अर्जाचें उत्तर देण्याचें काम कंत्राटदाराकडे न सोंपवितां, ज्याच्या नांवावर माल विकला जातो त्याच्यावर असावें.