कऱ्हाडची चंद्रलेखा : राजसभेतील शृंगारकाव्य आणि राणीची प्रतिमा

इ. स. ११२६ च्या सुमारास दोन दीर्घ कारकिर्दी संपल्या. दक्षिण फ्रान्समध्ये अॅक्विटेनचा ड्यूक नववा विल्यम मरण पावला आणि दख्खनमध्ये कल्याणीच्या चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य निवर्तला. विल्यम हा ज्ञात त्रुबादूर कवींतील पहिला. त्याच्या नावावर दहा-अकरा रचना आजही उपलब्ध आहेत. विक्रमादित्य स्वतः कवी म्हणून प्रसिद्ध नाही. परंतु त्याच्या सभेत बिल्हणासारखा कवी होता, आणि त्या कवीने कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येला आपल्या महाकाव्याची नायिका केले. विल्यमची नात एलिनॉर आणि विक्रमादित्याची राणी चंद्रलेखा ऊर्फ चंदलदेवी यांचा परस्परांशी कोणताही संबंध नव्हता. म्हणूनच त्यांची तुलना प्रभावाच्या शोधासाठी करता येणार नाही. राजसभेतील शृंगारकाव्य राणीला कोणते रूप देते आणि तिचे कोणते रूप झाकून टाकते, एवढाच प्रश्न येथे प्रस्तुत आहे.

'दरबारी प्रेम' ही संज्ञा मध्ययुगाची नव्हे. गास्तों पारी या फ्रेंच अभ्यासकाने ती १८८३ मध्ये रूढ केली. त्रुबादूरांच्या ऑक्सितान भाषेतील काव्यात प्रियकर हा सेवक असतो आणि प्रेयसी ही स्वामिनी. सरंजामी निष्ठेची परिभाषा तेथे प्रेमाची परिभाषा होते. प्रेयसी बहुधा परस्त्री असते. त्यामुळे प्राप्तीपेक्षा अंतर, गुप्तता आणि प्रतीक्षा यांना महत्त्व येते. संस्कृत महाकाव्याची परंपरा याहून निराळी आहे. तेथील शृंगार राजाच्या विजययात्रेचा एक भाग असतो आणि त्याची परिणती विवाहात होते.

बिल्हण मूळचा काश्मीरचा. मथुरा, कनोज, प्रयाग, काशी, डाहलच्या कर्णाची सभा, गुजरात, सोमनाथ अशी भ्रमंती करीत तो अखेर कल्याणीस आला व 'विद्यापती' झाला. आश्रयदात्याच्या शोधात राजसभांतून फिरणारा हा कवी त्रुबादूरांच्या जातकुळीचा वाटतो. आणखी एक साम्य लक्षणीय आहे. तेराव्या शतकात त्रुबादूरांची जी चरित्रे लिहिली गेली, त्यांतील पुष्कळशी त्यांच्याच कवितांतून रचलेली होती. बिल्हणाच्या वाट्यालाही हेच आले. 'चौरपंचाशिका' त्याच्या नावावर चढली आणि राजकन्येवर प्रेम करून मृत्युदंडाला सामोरा जाणारा कवी अशी त्याची आख्यायिका देशभर पसरली.

त्याचे अठरा सर्गांचे 'विक्रमांकदेवचरित' गेऑर्ग ब्यूलर याला १८७४ मध्ये जैसलमेरच्या ग्रंथभांडारात सापडले आणि १८७५ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाले. त्यातील सातव्या सर्गापासून शृंगाराचा प्रांत सुरू होतो. कऱ्हाडच्या राजकन्येची वार्ता राजाच्या कानी येते आणि तो अनुरक्त होतो. आठव्या सर्गात तिचे नखशिखान्त वर्णन येते. नवव्यात कऱ्हाडचे स्वयंवर. प्रतिहारी एकेका राजाचा परिचय करून देते आणि चंद्रलेखा एकेकाला ओलांडून पुढे जाते. ही रचना 'रघुवंशा'तील इंदुमतीच्या स्वयंवरावरून घेतलेली आहे, हे उघड आहे. अयोध्या, चेदी, कनोज, माळवा, गुर्जर, पांड्य, चोल असे सर्व दिशांचे राजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर एकत्र जमले होते, असे मानायला इतिहासाचा आधार नाही. कवीने राजांच्या यादीतून साम्राज्याचा नकाशा काढला आणि राजकन्येच्या नकारातून आपल्या धन्याचे श्रेष्ठत्व सिद्ध केले.

या विवाहामागचे राजकारण मात्र खरे होते. विक्रमादित्याने १०७६ मध्ये थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर याला पदच्युत करून राज्य मिळविले होते. अशा राजाला पश्चिम सीमेवरील कोल्हापूर-कऱ्हाडच्या शिलाहारांचे सख्य मोलाचे होते. चंद्रलेखेची निवड हा काव्यातील सर्वांत स्वतंत्र क्षण. पण व्यवहारात तो दोन घराण्यांचा करार होता. काव्याने तो करार तिच्या इच्छेच्या रूपात मांडला.

या राणीची दुसरी प्रतिमा काश्मिरात घडली. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त (इ. स. ११४८-५०) सांगितले आहे की काश्मीरचा राजा हर्ष (१०८९-११०१) याने कर्णाटाधिपती पर्मांडीच्या, म्हणजे विक्रमादित्याच्या, पत्नीचे चित्र पाहिले आणि तो कामविव्हल झाला. पर्मांडीला जिंकून चंदलेला आणीन, अशी प्रतिज्ञा त्याने भर सभेत केली. मदन नावाच्या सेनाधिकाऱ्याने त्या चित्राचे पालकत्व पत्करले आणि चित्रातील राणीच्या वस्त्रालंकारांसाठी राजाकडून द्रव्य उकळले. दक्षिणेच्या चालीरीती प्रिय असलेल्या या राजाने कर्णाट धर्तीचे नाणेही पाडले होते. त्यामुळे ही कथा केवळ कामांधतेची राहत नाही; एका राजसभेला दुसऱ्या राजसभेविषयी वाटणाऱ्या आकर्षणाची ती कथा आहे.

येथे झोफ्रे र्युदेल या त्रुबादूराची आठवण अपरिहार्य आहे. ज्या स्त्रीला पाहिले नाही तिच्यावरील 'दूरचे प्रेम' हा त्याच्या काव्याचा विषय. पुढच्या चरित्रकाराने ती त्रिपोलीची काउंटेस होती असे ठरवून टाकले. संस्कृत साहित्यशास्त्र या अवस्थेला पूर्वराग म्हणते. तो श्रवणाने किंवा चित्रदर्शनानेही उत्पन्न होतो. म्हणजे बीज एकच, पण त्याची परिणती तिन्ही ठिकाणी निराळी झाली. बिल्हणाच्या काव्यात श्रवणजन्य पूर्वराग विवाहापर्यंत पोचतो. र्युदेलच्या काव्यात अंतर हेच प्रेमाचे सार ठरते. कल्हणाच्या इतिहासात चित्रजन्य पूर्वराग परस्त्रीकडे वळतो आणि लगेच उपहासाचा विषय होतो. त्रुबादूर ज्या परिस्थितीतून उदात्त प्रेम निर्माण करतो, त्याच परिस्थितीत काश्मिरी इतिहासकाराला राज्यनाशाची चिन्हे दिसतात.

एलिनॉरची प्रतिमाही अशीच परहस्ते घडली. आंद्रेआस कापेलानुसच्या प्रेमविषयक लॅटिन ग्रंथात तिच्या तोंडी प्रेमविवादांचे निवाडे घातलेले आहेत. त्यावरून 'प्रेमाच्या न्यायसभा' प्रत्यक्ष भरत असत अशी समजूत झाली, आणि विसाव्या शतकातील संशोधनाने ती अविश्वसनीय ठरविली. ११३७ मध्ये अॅक्विटेनची उत्तराधिकारिणी झालेली, ११५२ मध्ये एका राजापासून विभक्त होऊन पुढे दुसऱ्याची राणी झालेली, पुत्रांच्या बंडामुळे पंधरा वर्षे बंदिवास भोगलेली आणि १२०४ मध्ये निवर्तलेली राज्यकर्ती स्त्री सनदांतून दिसते. काव्यातील रसिक अधिष्ठात्री आणि सनदांतील शासक यांचा मेळ सहज बसत नाही.

चालुक्य राण्यांचेही तसेच. अंकित लेखांतून केतलदेवी सिरुगुप्प प्रदेशाचा कारभार पाहताना आणि सावलदेवी नरेगलच्या अग्रहाराची स्वामिनी म्हणून दिसते. त्याआधी दुसऱ्या जयसिंहाची बहीण अक्कादेवी हिने गोकाकच्या किल्ल्याला वेढा घातला होता. खुद्द चंदलदेवीला 'अभिनव सरस्वती' हे बिरुद होते. ते तिच्या कलानैपुण्याचे द्योतक आहे. बिल्हणाच्या नखशिखवर्णनात सौंदर्य आहे, पण राज्यकारभार नाही. ज्या स्त्रीला समकालीनांनी सरस्वती म्हटले, तिच्या स्वतःच्या वाणीला महाकाव्यात स्थान मिळाले नाही.

तुलनेत सर्वांत मोठा फरक येथे जाणवतो. ऑक्सितानात काउंटेस ऑफ दिया हिच्यासारख्या स्त्री-त्रुबादूरांनी त्याच संकेतांत आपले प्रेम आणि आपली तक्रार नोंदविली. कल्याणीच्या सभेतील स्त्रीचा असा काव्यस्वर हाती येत नाही. तथापि विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त गीतप्रकारांची चर्चा करताना एक मोलाची नोंद आली आहे : महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात. राजसभेच्या ज्ञानकोशात ही ओवी आली, ती राणीच्या अंतःपुरातून नव्हे, तर उखळामुसळाच्या श्रमातून.

त्रुबादूरांनी लोकभाषेला राजसभेत नेले. मराठीच्या बाबतीत राजसभेनेच सभेबाहेरच्या गीताची नोंद घेतली. कऱ्हाडची राजकन्या संस्कृतात नायिका झाली, काश्मिरात चित्र झाली, आणि तिच्या माहेरच्या मुलखातील स्त्रीगीताचे केवळ नाव त्याच घराण्याच्या ग्रंथात उरले. मध्ययुगीन राणीचा इतिहास लिहिताना काव्य, इतिवृत्त आणि शिलालेख ही तीन साधने एकमेकांची पूरक आहेत असे मानण्याऐवजी ती एकमेकांची साक्ष तपासणारी आहेत असे मानणे अधिक उचित ठरेल.