एकाच घराण्याच्या दोन शाखा : ज्युदो आणि ब्राझिलियन जिऊ-जित्सू

मुलीला स्वसंरक्षण शिकवायचे म्हटले की हल्ली पालक एक नवा प्रश्न विचारतात : ज्युदो चांगला की ब्राझिलियन जिऊ-जित्सू? मोबाइलवर दोन्ही बाजूंचे वकील भरपूर आहेत. पण निकाल देण्याआधी इतिहास पाहायला हवा, कारण हे भांडण परक्यांचे नाही; एकाच घराण्यातून निघालेल्या दोन शाखांचे आहे.

घराण्याचा मूळ पुरुष जिगोरो कानो. १८८२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत 'कोडोकान' सुरू केले. जपानच्या जुन्या जिऊ-जित्सूमधले जीवघेणे डाव त्यांनी खुल्या सरावातून बाजूला काढले, उरलेल्यांची नीट मांडणी केली आणि त्याला ज्युदो हे नाव दिले. कानो पेशाने शिक्षक होते, अनेक वर्षे टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्यातल्या शिक्षकाने ओळखलेली गोष्ट साधी होती : डोळ्यात बोट घालण्याचा डाव रोज पूर्ण ताकदीने घोटता येत नाही, पाडण्याचा, दाबून धरण्याचा डाव घोटता येतो. समोरचा खरोखर विरोध करत असताना करायच्या या सरावाला ते 'रांदोरी' म्हणत. आपल्या तालमीतली सरावाची कुस्ती तीच.

कोडोकानचा एक शागीर्द मित्सुयो माएदा १९०४ मध्ये जपानबाहेर पडला. अमेरिका, युरोप, क्युबा, मेक्सिको असे देश फिरत, पैजेच्या कुस्त्या लढत १९१४ मध्ये तो ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेम शहरात स्थायिक झाला. तिथे कार्लोस ग्रेसी हा तरुण त्याच्याकडून शिकला. त्या काळी जपानबाहेर ज्युदोलाही सर्रास जिऊ-जित्सूच म्हणत. म्हणून नाव जुने राहिले, विद्या मात्र कोडोकानची होती. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ. उचलून आपटणे त्याच्या कुवतीबाहेरचे, म्हणून या घराण्याने जमिनीवरच्या लढतीवर भर दिला : पाठीवर पडलेल्या माणसाने पायांनी समोरच्याला कसे अडवावे, कसे उलटवावे, हात किंवा गळा कसा धरावा. आपल्याकडे पाठ मातीला लागली की कुस्ती संपते. त्यांच्याकडे तिथून सुरू होते.

दोन्ही शाखांची गाठ पडली २३ ऑक्टोबर १९५१ रोजी, रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये. एका बाजूला जपानचा नामांकित ज्युदोपटू मासाहिको किमुरा, वय ३४. दुसऱ्या बाजूला त्याच्यापेक्षा बराच हलका हेलिओ, वय ३८. पाडल्याचे गुण नाहीत, एकाने हार मानली तरच निकाल, अशी अट होती. किमुराने हेलिओला पुन्हा पुन्हा आपटले, पण तेवढ्याने कुस्ती सुटेना. शेवटी दुसऱ्या फेरीत त्याने हेलिओचा हात पाठीमागे पिरगळला. हेलिओ हार मानेना, तेव्हा कार्लोसने त्याच्या वतीने लढत थांबवली. ग्रेसी घराण्याने या पराभवाचा राग धरला नाही. त्या डावालाच 'किमुरा' हे नाव दिले. आज जगभर तो याच नावाने शिकवला जातो.

आपल्या उपखंडालाही या डावाची कडू ओळख आहे. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अंतोनियो इनोकीने अक्रम पैलवानाला याच पकडीत घेतले. अक्रम म्हणजे थोर गामा पैलवानाचा पुतण्या. त्यानेही हार कबूल केली नाही. खांदा निखळला आणि लढत थांबवावी लागली. घराण्याची इज्जत मोठी खरी, पण पेचाचा तोड ठाऊक नसेल तर इज्जत सांधा वाचवत नाही.

पुढे नियमांनी दोघांना वेगळे घडवले. १९६४ मध्ये ज्युदो टोकियो ऑलिंपिकमध्ये आला. पाठीवर स्वच्छ आपटले की 'इप्पोन', लढत संपली. त्यामुळे जमिनीवरचा सराव मागे पडत गेला. २०१० पासून पाय थेट पकडण्यावरही बंदी आली. उलट जिऊ-जित्सूच्या स्पर्धेत पाडण्याला दोनच गुण, छाती-पोटावर बैठक मारली की चार. म्हणून अनेक खेळाडू आपणहून खाली बसतात. १९९३ मध्ये डेन्व्हर येथे हेलिओचा मुलगा रॉइस याने एका संध्याकाळी एक बॉक्सर, एक कुस्तीगीर आणि एक लाथांचा खेळाडू असे तिघे हरवले, तेव्हा जमिनीवर लढता न येणाऱ्याची काय गत होते ते जगाने पाहिले. पण तिथेही समोर एका वेळी एकच माणूस होता आणि खाली चटई होती.

रस्त्यावर खाली डांबर असते, आणि समोरचा एकटाच असेल याची खात्री नसते. तिथे आपणहून जमिनीवर जाणे धोक्याचे. तोल राखणे, पकड सोडवणे, पडलोच तर डोके न आपटता पडणे हे ज्युदो उत्तम शिकवतो. पण मुलीला बहुधा आधी ढकलून पाडलेच जाते. खाली दाबली गेल्यावर घाबरून न जाता निसटून उठणे जिऊ-जित्सू जास्त चांगले शिकवते. पहिले साधन पडू न देण्याचे, दुसरे पडल्यावर उठण्याचे. दोन्हींचा हेतू मात्र एकच असावा : सुटणे आणि पळणे. समोर चाकू असेल तर दोन्ही विद्यांचा भरवसा धरू नये.

म्हणून पालकांना माझे उत्तर असे : घराजवळ जो वर्ग नियमित चालतो, जिथे मुलगी निर्धास्तपणे जाऊ शकते आणि जिथे रोज विरोध करणाऱ्या जोडीदाराशी झटापट होते, तो निवडा. नावाची पाटी नंतर पाहा. शाळाशाळांतून होणारी एक दिवसाची स्वसंरक्षण शिबिरे मला याच कारणासाठी खटकतात. रांगेत उभे राहून हवेत हात फिरवले, प्रमाणपत्र मिळाले, फोटो निघाला. पण मनगट कोणी खरेच घट्ट धरले नाही. मुलीला त्यातून मिळतो तो खोटा भरवसा, आणि तो अज्ञानापेक्षा घातक. कानोंनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेला धडा ब्राझीलने पाठ केला, म्हणून ती शाखा वाढली. गाणे असो वा कुस्ती, रियाजाशिवाय विद्या अंगात मुरत नाही. मग मुलींच्या जिवाशी संबंध असलेली ही एकच विद्या एका दिवसात येते, असे आपण का मानतो?