शकुंतलेची पट्टी : गाडी येवो न येवो, गावांनी आधी काय ठरवायचं?

मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर, अंजनगावावरून अचलपूरला जातो, दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला. जवळपास १९० किलोमीटरची ही अरुंद रेल्वे म्हणजे आपली शकुंतला. वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे नेण्यासाठी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ती उभी केली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद आहे, रुळांमध्ये बाभूळ वाढली आहे.

देशातल्या इतर रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे राहिली आणि गाडी मध्य रेल्वेने चालवली. २०१६ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ब्रॉडगेज करण्याचं जाहीर केलं. म्हणजे अडीच फुटांचा रूळ साडेपाच फुटांचा होणार. पण तो जुन्याच वाटेने जाईल असं धरून चालू नका. बार्शी लाइट रेल्वे ब्रॉडगेज झाली तेव्हा मार्ग वळवून धाराशिव शहर जोडलं गेलं. इकडे वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गावर वर्धा ते कळंब गाडी २०२४ मध्ये सुरू झाली; तो मार्ग पुढे यवतमाळ, दारव्ह्याला येणार. मग दारव्हा ते मूर्तिजापूरमधल्या गावांचं काय, हा प्रश्न त्या गावांनीच विचारायचा आहे.

अमेरिकेत १९८३ पासून एक कायदेशीर सोय आहे. बंद मार्गाची जमीन तुकडे न करता राखायची, तोवर तिथून पायवाट, सायकलवाट चालवायची, आणि गरज पडली की पुन्हा रूळ टाकायचे. आपल्याकडेही मुद्दा हाच आहे. पट्टी एकदा मधेच तुटली, कोणी धुरा सरकवला, कोणी टिनाचं शेड टाकलं, की मग ना गाडी येते ना रस्ता होतो.

रेल्वेचा मार्ग ग्रामसभा ठरवू शकत नाही, हे खरंच आहे. पण गावाची गरज ठरावात लिहून ठेवता येते. आधी गावनकाशा काढा, पट्टी कोणत्या गटांतून जाते ते बघा, सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे ते वाचा. हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. मग पांदण रस्ते रुळाला कुठे छेदतात ते नकाशावर मांडा. ही बाब सगळ्यात महत्त्वाची. ब्रॉडगेज झालं की उघडी फाटकं जातात आणि खालून बोगदा येतो. पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी साचतं, आणि कापसाने भरलेली ट्रॉली त्यातून निघेल का हे इंजिनिअरला सांगणारा शेतकरीच पाहिजे. नाल्यावरच्या जुन्या मोऱ्याही नोंदवा, त्या बुजल्या तर वरच्या बाजूची वावरं पाण्याखाली जातील.

बाया आणि शाळेची पोरं त्या पट्टीवरून पायी कुठे जातात हे पुरुषांच्या बैठकीत क्वचितच निघतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिथे हा विषय ठेवा.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. कोरमसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. लागून असलेल्या गावांनी एकाच मजकुराचा ठराव घेतला तर वजन पडतं. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून नक्कल घ्या, ती जिल्हाधिकारी आणि मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाला पाठवा आणि पोच जपून ठेवा.