लिहायचं ‘केफु’, वाचायचं ‘क्योऽ’

जपानी शिकणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच अडखळतो तो तोक्योपाशी. हिरागाना लिपीत अक्षरं आहेत तो-उ-क्यो-उ, वाचायचं मात्र तोऽक्योऽ. मग तो ‘उ’ कशाला? आणि स्वराच्या लांबीकडे दुर्लक्ष करून चालत नाही बरं का: ओबासान म्हणजे मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी!

खरं तर आपण सुखात आहोत. १९४६च्या आधी तोक्योतलं ‘क्योऽ’ लिहायचे कि-या-उ. आणि ‘आज’ या अर्थाचा क्योऽ? तो लिहायचे के-फु. फुलपाखरू म्हणजे चोऽचोऽ, ते लिहायचे ते-फु-ते-फु. हजारेक वर्षांपूर्वी लोक साधारण तसंच बोलत. पुढे स्वरांमधला ‘फ’ सैल पडला, मग गळालाच. उरलं केउ, त्याचं झालं क्योऽ. ‘अउ’चा तर सरळ ‘ओऽ’ झाला, आपल्या सूर्य अधिक उदय, सूर्योदयासारखा. उच्चार पुढे गेले, लेखन जागच्या जागी राहिलं.

हे बदलताना कुणी ऐकलं का? ऐकलं, आणि मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. जेझुइटांचा छापखाना युरोपातून जपानला गेला तो गोव्यावरून. हारा मार्तिनो या जपानी तरुणाचं लॅटिन भाषण १५८८मध्ये गोव्यातच छापलं गेलं. १५९०मध्ये छापखाना जपानला पोचला. पुढे १६०३मध्ये नागासाकीत या मिशनऱ्यांनी जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला. त्यात ‘अउ’मधून आलेला ओ आणि ‘ओउ’मधून आलेला ओ यांवर वेगवेगळ्या खुणा आहेत, कारण तेव्हा ते दोन्ही वेगळे ऐकू येत! आज जपानी कानाला त्यांत काहीच फरक नाही.

नोव्हेंबर १९४६मध्ये सरकारने नवं लेखन आणलं. लांब ‘ओ’ असेल तिथे ‘उ’ जोडा. पण जुन्या लेखनात ‘हो’ किंवा ‘वो’ होता, तिथे ‘ओ’च लिहा. म्हणून मोठा म्हणजे ओओकिइ, बर्फ म्हणजे कोओरि, रस्ता म्हणजे तोओरि. म्हणजे जुनं लेखन मागच्या दाराने परत आलंच. मुलं ही यादी पाठच करतात. फुकुदा त्सुनेआरी या नाटककार-समीक्षकाने तर १९६०मध्ये या सुधारणेविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं. माझं मत विचाराल तर पोरांचं ओझं उतरलं, हे जास्त मोलाचं. १९८६मध्ये नियम पुन्हा तपासले गेले, गाभा तोच राहिला.

एक खोड मात्र कुठलाच नियम काढू शकला नाही. को-उ-शि ही अक्षरं व्याख्यात्यासाठी कोऽशि वाचायची, आणि वासरासाठी को-उशि. वासरात ‘को’ म्हणजे पिल्लू आणि ‘उशि’ म्हणजे गाय. दोन शब्दांच्या सांध्यावर आलेला ‘उ’ आपला सुटाच राहतो.