पियानोच्या जनकत्वाचा वाद : एका मोजदादीची साक्ष

जुनें वाद्य हातीं लागलें म्हणजे त्याच्या पहिल्या कर्त्याचा निर्णय झालाच, अशी संग्राहकांची समजूत असते. पियानोच्या बाबतींत ही समजूत निखालस फसवी ठरली असती.

फ्रान्समधील मारियूस यानें १७१६ सालीं तारांवर हातोड्या पडणाऱ्या वाद्याचे नमुने पॅरिसच्या विज्ञान-परिषदेपुढें ठेविले. जर्मनींतील श्रोटर यानें ही कल्पना आपणांस १७१७ सालीं सुचल्याचें पुढें छापून प्रसिद्ध केलें, व कित्येक जर्मन लेखकांनीं तें खरें मानिलें. तिसरा वादी पादुआचा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी. त्याच्या हातचे तीनच पियानो आज शिल्लक आहेत. न्यूयॉर्क, रोम व लाइपझिग येथें. त्यांवरील सालें अनुक्रमें १७२०, १७२२ व १७२६. केवळ वस्तूंवर निकाल द्यावयाचा तर क्रिस्तोफोरी शेवटचा येतो!

त्यास तारिलें तें कागदानें. हा कारागीर १६८८ पासून टस्कनीचा युवराज फर्दिनांदो मेदिची याच्या पदरीं फ्लॉरेन्स येथें होता. युवराजाच्या वाद्यसंग्रहाची १७०० सालीं मोजदाद झाली. तींत क्रिस्तोफोरीनें नव्यानें शोधून काढिलेलें, हलका व मोठा असे दोन्ही आवाज देणारें एक वाद्य नोंदलें आहे. इटालियन भाषेंत 'पियानो' म्हणजे हलका व 'फोर्ते' म्हणजे मोठा. वाद्याचें पुढील नांव येथूनच आलें. तत्पूर्वींच्या हार्पसिकॉर्डांत पिसाच्या नखीनें तार छेडली जाई. पट्टी हळू दाबा कीं जोरानें, नाद बहुतेक तेवढाच. सदर यादीचा कारकून कोणी का असेना, आम्ही त्याचे ऋणी आहों. एका सुराच्या दोन-दोन तारा, सायप्रस लाकडाची नादफळी, तारांस लागणारे तांबड्या कापडाचे दाबे आणि हातोड्या, इतकें सारें त्यानें टिपून ठेविलें. हातोड्यांचा उल्लेख नसता तर नुसत्या 'नव्या शोधा'वरून कांहींच सिद्ध झालें नसतें.

मात्र या यादीवरून वाद्य १७०० पर्यंत तयार झालें होतें, एवढेंच निष्पन्न होतें. शोधाचें साल १७०० हेंच, असें दरबारचा संगीतकार मेक्कोली यानें झार्लिनोच्या संगीतग्रंथाच्या एका प्रतीच्या समासांत लिहिलें आहे. खासगी टिपेपेक्षां दरबारी यादीस आम्ही अधिक मान देतों, व '१७०० किंवा किंचित् पूर्वीं' एवढेंच म्हणतों.

माफ्फेई यानें १७११ सालीं व्हेनिसच्या एका नियतकालिकांत वाद्याची यंत्ररचना आकृतीसह वर्णिली, व अशीं तीन वाद्यें झाल्याचें सांगितलें. १७२५ सालीं त्याचें जर्मन भाषांतरही छापलें गेलें. म्हणजे श्रोटरच्या पक्षकारांस आपल्या मताचें खंडन स्वभाषेंतच उपलब्ध होतें! माफ्फेई कर्त्याचें नांव 'क्रिस्तोफाली' असें देतो. परंतु पादुआचा रहिवासी व युवराजाचा पगारी नोकर, ही ओळख जुळत असल्यानें व्यक्ति एकच.

१७२० च्या वाद्यावरील लॅटिन लेखांत क्रिस्तोफोरी स्वतःस शोधक म्हणवितो. पक्षकाराची साक्ष म्हणून ती एरवीं दुय्यम. मोजदादीमुळें ग्राह्य ठरते. त्या वाद्याची नादफळी १९३८ सालीं बदलण्यांत आली, तेव्हां त्याच्या आजच्या नादावरून मूळच्या नादाचें अनुमान मात्र करूं नये.