अंधाराचं शूटिंग

१९२३ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ या मूकपटातली रात्रीची दृश्यं कृत्रिम प्रकाशात चित्रित केली. आपला सिनेमा तोवर सूर्याच्या भरवशावर चालायचा. पडद्यावर अंधार दाखवायचा तर आधी झगझगीत दिवे लावावे लागतात, हे तंत्र आमच्या गावात असं रुजलं. त्याआधी, १९२० च्या ‘सैरंध्री’त पेंटरांनी कीचकवध इतका हुबेहूब दाखवला होता की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य कापावं लागलं. तरी तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की हा सिनेमा आहे.

टीव्हीवरचे भुतं शोधणारे कार्यक्रम हीच बनवलेली रात्र दाखवतात, पण ती खरी म्हणून. वाड्यातले दिवे भुतं घालवत नाहीत, शूटिंगवालेच बंद करतात. मग कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड दिवा लागतो. तो प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतो. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. तोच हा प्रकाश. म्हणजे निवेदक खरोखरच काळोखात चाचपडत असतो आणि आपण त्याला लख्ख उजेडात पाहत असतो. त्याचं दचकणं खोटं असेलच असं नाही. पडक्या वाड्यात रात्री दोन वाजता कोणीही दचकेल.

त्या दिव्यातूनच ‘आत्म्याचे गोळे’ जन्माला येतात. दिवा भिंगाला अगदी लागून असतो. समोरून धुळीचा कण किंवा चिलट गेलं की ते उजळतं आणि फोकसबाहेर असल्यामुळे मोठा, धूसर गोळा होऊन तरंगतं. बंद वाड्यात पाचसहा माणसं शिरली की धूळ उडणारच.

बाकीच्या उपकरणांचंही तेच. चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र भिंतीतल्या वायरमुळे, खिशातल्या मोबाइलमुळे किंवा वॉकीटॉकीमुळेही लुकलुकतं. ‘घोस्ट बॉक्स’ हा भराभर स्टेशनं बदलत राहणारा रेडिओ असतो. त्या खरखरीत शब्दांचे तुकडे येतात आणि वाक्य आपण जुळवतो. शनिवारवाड्यात असा रेडिओ लावून नुसतं ‘का’ ऐकू आलं, तरी मराठी माणूस पुढचं स्वतःच ऐकेल. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, पण ती हाक आपण शाळेपासून कानात घेऊन फिरतो.

सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा धंदा असल्यामुळे मला सगळ्यात गंमत वाटते ती काठ्यांच्या माणसाची. रिकाम्या खुर्चीवर रेघांची आकृती हात हलवताना दाखवतात ना, ती! तो बहुतेकदा २०१० साली व्हिडिओ गेमसाठी आलेला किनेक्ट हा कॅमेरा असतो. समोर खेळाडू आहे असं धरून त्याचे सांधे कुठे आहेत याचा अंदाज करणं, हेच त्याच्या प्रोग्रॅमचं काम. खेळाडू नसला तर तो खुर्चीच्या पाठीत, पडद्यात, कपाटात खांदे शोधतो.

ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झालेल्या ‘मोस्ट हाँटेड’वर हा वाद उघडपणे झाला. त्या कार्यक्रमातले परामानसशास्त्रज्ञ किरन ओ’कीफ यांनी २००५ मध्ये सांगितलं, की मी ‘क्रीड काफर’ नावाचा माणूस मनानेच रचला, ते नाव माध्यम डेरेक अकोराच्या कानावर जाईल असं पाहिलं, आणि चित्रीकरणात तोच ‘आत्मा’ त्याच्या अंगात आला. त्या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवून लावली की ‘डेरेक फेकर’ होतं, म्हणजे ढोंगी डेरेक. त्याच वर्षी तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने हा कार्यक्रम करमणूक ठरवला, तपास नव्हे.

तरी ‘हे खरं की खोटं’ याचं उत्तर कोणाला रंगेहाथ पकडण्यावर अवलंबून नाही. सगळे प्रामाणिक असले, तरी ज्या चाचणीचा निकाल ‘नाही’ येऊच शकत नाही, ती चाचणी कसली? रात्रभराच्या शूटिंगमधून तासाभराचा भाग कापला जातो, आणि काहीच घडलं नाही ते तास आधी कापले जातात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची रीत याच्या उलट होती: चमत्कार सिद्ध करा, २१ लाख रुपये घ्या, पण अटी दोघांनी आधी ठरवायच्या.

आपल्याकडे हा नुसता करमणुकीचा प्रश्न राहत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून मारहाण करण्याबद्दल आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. असं घडत होतं म्हणूनच ते लिहावं लागलं. टीव्हीवरचं भूत जाहिरातीपर्यंत टिकतं. पण ‘यंत्राने भूत दाखवलं’ हे वाक्य ज्या घरात आजारी सुनेला डॉक्टरकडे न्यायचं की मांत्रिकाकडे हे ठरत असतं, तिथेही पोचतं.

म्हणून असा भाग बघताना मी दोनच गोष्टी शोधतो. दिवा कोणी बंद केला, आणि दुसरा, न दिसणारा दिवा कुठे लावलाय.