भट्टीशिवाय मॅग्नेटाइट

साल 1962 च्या आगेमागे. कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावर, रात्रीच्या ओहोटीत तुम्ही घोटाभर पाण्यात उभे आहात. बॅटरीचा झोत खाली धरा. शेवाळलेल्या खडकाला घट्ट चिकटून एक चपटा, लांबट जीव मुंगीच्या पावलांनी सरकतोय. पाठीवर आठ आडव्या पट्ट्यांचं कवच. हा कायटन, शंख-शिंपल्यांचा भाऊबंद. कान द्या: बारीक खरखर. शेवाळ खाता खाता तो खडकही खरवडतोय.

आता पॅसाडीनाला, कॅलटेकमध्ये चला. नाझी कायद्यामुळे जर्मनीत डॉक्टरेट नाकारली गेलेले आणि अमेरिकेत येऊन नाव कमावलेले भूवैज्ञानिक हाइन्त्स लोवेनस्टॅम टेबलाशी वाकलेत. समोर कायटनच्या तोंडातली दंतपट्टी, रेडुला. तिच्यावरचे काळेभोर दात तुमच्या खिशातल्या चुंबकाजवळ न्या. पट्टी टपकन चिकटते! क्ष-किरणांच्या तपासणीत खनिजाचं नावही निघतं: मॅग्नेटाइट.

ज्यांच्यासोबत तुम्ही उभे आहात, त्यांच्या पुस्तकांत हे खनिज तापलेल्या शिलारसातून किंवा प्रचंड दाबाखाली भाजलेल्या खडकांतून येतं. इथे ते समुद्राच्या गार पाण्यात, एका मऊ जिवाच्या तोंडात तयार झालंय.

कसं? पट्टी मागच्या टोकाकडून पाहत या. नवे दात पारदर्शक, नुसता काइटिनचा सांगाडा. काही रांगा पुढे ते तांबूस होतात: फेरिटिन या प्रथिनाने वाहून आणलेलं लोह फेरिहायड्राइटच्या रूपात सांगाड्यावर बसलंय. आणखी पुढे त्याचंच मॅग्नेटाइट होतं आणि दात काळे पडतात. अगदी पुढची रांग झिजून गळते, मागची तिची जागा घेते. मोह्स मापावर चुनखडीतलं कॅल्साइट 3, मॅग्नेटाइट सहाच्या आसपास. म्हणून दगड हरतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण बोलू नका. 1975 मध्ये रिचर्ड ब्लेकमोर चुंबकाच्या दिशेने पोहणारे जिवाणू जगापुढे मांडतील. त्यांच्या पोटातही चुंबकी कण सापडतील. 1996 मध्ये मंगळावरून आलेल्या एका अशनीतले मॅग्नेटाइटचे सूक्ष्म स्फटिक जीवसृष्टीचा पुरावा म्हणून पुढे केले जातील आणि त्यावर कडाक्याचा वाद पेटेल. या टेबलावरच्या दातांआधी तो वाद सुरूच होऊ शकला नसता. मॅग्नेटाइट दिसलं की ते कुठल्या आगीतून आलं, एवढंच तेव्हा विचारलं जाई. ते कोणी घडवलं, हा प्रश्न कायटनने विचारायला लावला.